पाळकसाहेबांची शीळ

निम्मं गाव बत्तिशीबाईंच्या दातांनी जेवत होतं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे खिडकीशी बसून बाई कवळ्या करत. समोर प्लास्टरचे जबडे आ वासून रांगेत बसलेले, डाव्या हाताला मेण तापवायचा दिवा, आणि सगळ्यावर पांढरी पूड. बाईंच्या भुवयांवरसुद्धा. संध्याकाळी नवरा दार उघडून म्हणायचा, "आलं का आमचं भूत?"

"आलं. चहा टाका."

बाईंची कामाची एक रीत होती. कवळी पक्की करण्याआधी दात मेणात बसवून गिऱ्हाइकाच्या तोंडात घालून बघतात. डॉक्टर त्या वेळी आकडे म्हणायला लावत. बाईंचा आकड्यांवर विश्वास नव्हता. त्या म्हणत, "आता माझ्याशी भांडा." माणूस चांगलं बोलतो तेव्हा जपून बोलतो. भांडताना जीभ मोकाट सुटते आणि कुठला दात आडवा येतोय ते लगेच कळतं. एका निवृत्त कंडक्टरने तर रंगात येऊन बाईंना पुढच्या स्टॉपवर उतरायला सांगितलं होतं. त्याची कवळी अजून उत्तम चालते.

एवढं असून बाईंना एक रुखरुख होती. आपल्या हातून देवाचं काम म्हणून काही झालं नाही. चर्चच्या गायनमंडळाने त्यांना एकदा ऐकलं आणि प्रेमाने खुर्च्या मांडायला सांगितलं. रविवारच्या शाळेत मुलं त्यांनाच गप्प बसवत. "मी काय, दात करते," असं त्या म्हणत आणि सोडून देत.

मग पाळकसाहेबांचे दात गेले. ही गोष्ट डॉक्टर, बाई आणि परमेश्वर, एवढ्यांनाच ठाऊक होती. बाकी गावाला साहेब सर्दीने घरी बसलेत असं सांगितलं होतं.

बाईंना वाटलं, आली एकदाची आपली पाळी. त्यांनी धुतलेला एप्रन घातला, दोनदा हात धुतले आणि गायनमंडळासारखे सरळ रांगेत दात लावले. उपदेशाला टिकाऊ हवी म्हणून टाळूकडची बाजू जरा जाडच ठेवली. मेणातली कवळी साहेबांच्या तोंडात घालताना मात्र त्यांची हिंमत झाली नाही. पाळकाला 'भांडा' कसं म्हणायचं? "प्रभूची प्रार्थना म्हणता का?" त्यांनी विचारलं. साहेबांनी सावकाश, गंभीर आवाजात म्हटली. बाईंनी आमेन म्हटलं आणि कवळी पक्की केली.

रविवारी साहेब उपदेशाला उभे राहिले. विषय होता, साध्यासुध्या कामातली सेवा. 'साध्यासुध्या'ला दोन शिळा वाजल्या. 'सेवे'ला एक लांब वाजली. मुलांच्या बाकावर खसखस पिकली. 'सुतार असो, शिंपी असो, स्वयंपाकीण असो' इथपर्यंत साहेब पोचले तेव्हा बाहेरचा कुत्रा शेपूट हलवत आत आला आणि कोणी बोलावलं ते शोधू लागला.

उपासना संपताना साहेब म्हणाले, "पुढच्या रविवारी माझा शेवटचा उपदेश. आता तरुण आवाज हवा."

"वय झालं बिचाऱ्यांचं," नवरा हळहळला.

"वय नाही हो," बाई म्हणाल्या, आणि गुपित आठवून त्यांनी जीभ चावली. रस्ताभर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांच्या दातांनी आजवर कोणाची भाकरी थांबवली नव्हती, आणि इथे एका माणसाचा आवाजच बंद होत होता.

सोमवारी त्या साहेबांच्या घरी जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, चूक माझी आहे. खोलीवर चला."

"बाई, मी ही देवाची इच्छा मानली आहे."

"देवाच्या इच्छेला शीळ कशाला येईल? कवळी टाळूकडे जाड झालीय. चला."

खोलीत बाईंनी साहेबांना खुर्चीत बसवलं. "आता माझ्याशी भांडा."

"मी कोणाशी भांडत नाही."

"माझ्याबद्दल काही तक्रार असेलच की. आठवा."

साहेबांनी मनापासून आठवून पाहिलं. "नाही बुवा."

बाईंनी सुस्कारा सोडला. "तिथेच घोळ झाला. बाकी सगळ्यांना मी भांडायला लावते. तुम्हाला नाही लावलं. बाकीच्यांचे दात म्हणजे नुसते दात. तुमचे म्हणजे देवाचं काम, म्हणून..."

साहेब खुर्चीतून उठले. चेहरा लालबुंद. "नुसते दात? इतकी वर्षं मी घसा फोडून सांगतोय, आणि तुम्ही समोर बसून झोपा काढत होतात? तो कंडक्टर काय सैतानाच्या दातांनी जेवतो?"

"सैतानाला वाजतंय. काढा." बाईंनी कवळी घेतली, मागून जराशी घासली, धुऊन परत दिली. "हं, पुन्हा."

"सैतानाच्या!"

"अजून थोडं." पुन्हा घासलं. "बोला."

डॉक्टरांनी दारातून डोकावलं. "काय चाललंय?"

"साहेब भांडतायत," बाई समाधानाने म्हणाल्या. "छान भांडतायत."

"सेवा म्हणजे काय सोनेरी सिंहासन आहे का, बाई? समोर हे सगळे जबडे आ वासून बसलेत, त्यांच्यासमोर बसून तुम्ही म्हणता देवाचं काम सापडत नाही! संतापाने माणसाला..." साहेब मध्येच थांबले. कानोसा घेतल्यासारखं करून त्यांनी हळूच म्हटलं, "सेवा." खोलीत काही वाजलं नाही.

"झालं," बाई म्हणाल्या, आणि कवळीला पॉलिश करायला वळल्या. त्यांना बराच वेळ नाक पुसावं लागलं. पूड जाते नाकात.

रविवारी उपदेश स्वच्छ झाला. मुलांची निराशा झाली. कुत्रा दारात झोपून राहिला. शेवटी साहेबांनी सांगितलं की त्यांनी फेरविचार केला आहे, तरुण आवाजाने जरा थांबावं. नवऱ्याने बाईंना कोपर मारलं, "बघ, प्रार्थनेत किती ताकद असते!"

"असते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारातला हमाल मेणातले दात लावून बघायला आला. बाईंनी धुतलेला एप्रन घातला आणि त्याच्यासमोर दोनदा हात धुतले.

"एवढा घाण दिसतो का मी?" हमालाने विचारलं.

"हे दात घाला," बाई म्हणाल्या, "आणि हेच परत म्हणा. जरा रागाने."