माझ्या मागावरचा पाण्याचा तांब्या

२०२२ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी जवळची नजर गेली होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसरीत शाळा सुटली, तेव्हापासून सोलापुरात माग चालवला. टॉवेलावर तळवा फिरवून शेठ म्हणायचे, हे काकांचं कापड, गाठ लागतच नाही. तेवढ्यावर मी शुक्रवार पेठेतल्या घरी छाती काढून जायचो.

खरं म्हणजे वर्षभर तुटलेल्या धाग्याच्या त्या गाठी माझी सून मारत होती. मुलगा वारल्यापासून ती कारखान्यात कांड्या भरायची. धोट्यात बसवायची सुताची कांडी बाईनं भरायची आणि माग पुरुषानं चालवायचा, असा आमच्याकडचा रिवाज. धागा तुटून माझा माग थांबला, की ती पाण्याचा तांब्या घेऊन यायची. मी घोट घेईपर्यंत तिची गाठ मारून व्हायची. काकाला तहान लई, म्हणून बाकीचे हसायचे. हसू दे म्हटलं.

मग गुडघे गेले. उभं राहवेना. माग सोडावा लागणार होता. सून म्हणाली, तो मला मिळवून द्या. मी शेठकडं गेलो आणि म्हणालो, ती शिकंल. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पदर मागाच्या फिरत्या पट्ट्यात अडकतो, शिकेस्तोवर कापड वाया जातं, उद्यापासून दुसरा माणूस येतोय, म्हणाले. मी मान हलवून परत आलो आणि तिला सगळं सांगितलं.

तिनं कांड्या भरता भरताच विचारलं, "शिकंल म्हणालात व्हय, मामा? मला शिकायचं काय राहिलंय?"

दोन थोबाडीत बसल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःचं नाव राखायला मी तिचं काम खाल्लं होतं. तसाच माघारी वळलो. सगळ्यांदेखत शेठचा हात धरून टॉवेलावर ठेवला.

"गाठ सापडती का बघा."

"न्हाय. तुमचा हातच हाय तसा, काका."

"माझा न्हाय. वरीस झालं मला धागा दिसत न्हाय. सगळ्या गाठी हिच्या हायत. आता हिला माग न्हाय म्हणून दाखवा."

शेजारचा मागवाला म्हणाला, म्हणून तहान लागायची व्हय. सगळे हसले. शेठ हसले नाहीत. त्यांनी पुन्हा तळवा फिरवला, आणि अडचण काढायची म्हणून विचारलं, मग कांड्या कोण भरणार?

"मी," म्हणालो.

"काका, मग बांगड्या बी भरा की," मागून कुणीतरी.

"भरतो. तू माप घेऊन ये."

शेठ म्हणाले, आठ दिवस बघू. मी म्हणालो, बघा की, तिला काय भ्या हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं साडीवर माझा जुना शर्ट चढवला, पदर आत खोचला आणि माग चालू केला. मी बायकांच्या ओळीत बसलो. कांडी भरायला डोळे लागत नाहीत, अंगठ्याला कळतं. थोड्या वेळानं धागा तुटून तिचा माग थांबला. सगळे तिकडं बघायला लागले. मी गुडघ्यावर हात रोवून उठलो आणि तिच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.