पाचवी चौकट

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. वीस वर्षं कॉलेजात कॉम्प्युटर व्हिजन आणि रोबोटिक्स शिकवतेय. जे कॅमेऱ्यात नाही, ते मी मानत नाही. आणि गंमत बघा... माझी खोड मोडली ती कॅमेऱ्यानेच!

गाव शेणवा, तालुका शहापूर. गेल्या आषाढात आमच्याच भातखाचरात माझ्या रोबोटची शेवटची चाचणी होती. समोर माणूस दिसला की त्याने थांबायचं, एवढंच काम. पण उभी माणसं बरोबर ओळखणारा माझा प्रोग्रॅम भात लावायला वाकलेल्या बायकांना माणूस मानायलाच तयार नव्हता. सहा वर्षं डोकं फोडलं होतं. याही वेळी जमलं नाही तर प्रोजेक्ट बंद करायचं ठरवलं होतं. ज्याला वाकलेली बाई दिसत नाही, ते यंत्र खाचरात सोडायचं तरी कसं?

भरदुपार, लख्ख उघडीप. चार बायका उलट पावली सरकत आवणी करत होत्या. मी आणि बाबा लॅपटॉप घेऊन बांधावर. रोबोट चिखलात शिरला... आणि बायकांसमोर थांबला! स्क्रीनवर, ओळखलेल्या प्रत्येक माणसाभोवती एक, अशा हिरव्या चौकटी. मी बांधावर अक्षरशः नाचले हो! मग चौकटी नीट मोजल्या.

पाच.

पाचवी ओळीच्या टोकाला, बांधालगत. आत नुसतं पाणी. पण चौकट बाकीच्यांच्याच चालीने मागे मागे येत होती... ओळ संपल्यावर ती हळूहळू उंच झाली, माणसाएवढी — आणि गेली.

 आईची आवणीतली जोडीदारीण जनीमावशी त्या चौघींतच होती. तिला विचारलं, टोकाला कोण होतं?

"कोन नाय गो. ती जागा आमी मोकळीच ठेवतो. तुझी आयस तितंच आवणीला लागायची."

आईला जाऊन तीन पावसाळे झालेत.

लेन्स पुसली, रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा पाहिलं, पाण्यातली प्रतिबिंबं तपासली. काही हाती लागलं नाही. आणि खरी कमाल पुढेच — प्रोग्रॅमची एक ओळही बदललेली नाही, तरी त्या दिवसापासून वाकलेली एकही बाई त्याच्या नजरेतून सुटलेली नाही! का, ते मला आजही सांगता येत नाही.

संध्याकाळी बाबांना समजावून सांगत होते, की चौकट उंच होते ती माणूस उभं राहिलं की. शेवटची काही वर्षं आईची कंबर सरळच होत नसे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं,

"म्हंजे उभी रायली ना गो ती, सरळ?"

मी हो म्हटलं.