ऊन उतरल्यावर बांधलेला दुपट्टा

कॅमेरा माझ्या हाती फार उशिरा आला. अकोल्याला, जठारपेठेजवळच्या एका शाळेत मी जन्मभर गणित शिकवले. निवृत्तीनंतर, फारसे बोलावे न लागता माणसांच्या जवळ जाता येईल असे काहीतरी शोधत होते, ते यात सापडले; पण ती नुसती हौस होती. म्हणून एका जुन्या विद्यार्थिनीने स्वतःच्या लग्नाचे फोटो काढायला बोलावले तेव्हा मी नकारच दिला. अमरावतीत या धंद्यातले लोक गल्लोगल्ली आहेत, असे तिला सांगितले.

"ते ओरडतात, मॅडम. मान इकडं करा, हसा. बाबा त्याईच्यासमोर उभेच नाई राहत. तुमी गप राहता."

मग तिने खरे कारण सांगितले. वर्षानुवर्षे खाल्लेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने वडिलांना तोंडाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रियेत डावा जबडा गेला, तरी रोग आता गळ्यात उतरला होता. पुढचा उन्हाळा धरू नका, असे डॉक्टर म्हणाले होते. शस्त्रक्रियेनंतर वडिलांनी एकही फोटो काढू दिला नव्हता.

"एक पायजे, मॅडम. माह्यासंग. तोंड उघडं असलेला. आता हायेत तसे."

लग्न भातकुलीजवळ, त्यांच्याच शेतात होते. मंगल कार्यालय नाही, बँड नाही, मुहूर्ताची घाई नाही. निंबांखाली कापडी मांडव, त्यात बसायला बाजा टाकलेल्या, एका कडेला गोवऱ्यांच्या आरावर भाजत असलेले कणकेचे रोडगे. मे महिन्याची दुपार असल्यामुळे मांडवातल्या प्रत्येक पुरुषाने डोक्यापासून नाकापर्यंत दुपट्टा गुंडाळला होता आणि बाहेरून येणाऱ्या मुलींनीही ओढण्या तशाच बांधलेल्या होत्या. वडील कोणते, हे मला विचारावे लागले. त्या सगळ्या झाकलेल्या चेहऱ्यांत ते मोकळेपणाने हिंडत होते. कूलर म्हाताऱ्यांकडे वळवत होते, रोडगे उलटणाऱ्याला हाताने खुणावत होते. कोणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहत नव्हते.

ऊन उतरू लागले तसा उजेड फोटोसाठी उत्तम झाला. लोकांनी एकेक करून दुपट्टे सोडले, घाम पुसला, चेहरे दिसू लागले. मी भराभर फोटो घेत होते. जरा वेळाने लक्षात आले की मांडवात आता एकच दुपट्टा उरला आहे, आणि तो पाण्याच्या टँकरमागे जाऊन उभा राहिला आहे.

नवरदेवाच्या काकांनी आपल्या या व्याह्यांना तिथेही हेरले.

"इवाई, ऊन तं गेलं! सोडा न आता. का आमच्यापासून तोंड लपवून राहिले?"

चार माणसे हसली. ऑपरेशन झाले एवढेच त्यांना ठाऊक होते. वडिलांनी धूळ आहे अशी खूण केली आणि दुपट्ट्याची गाठ आणखी आवळली.

तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण, पंचशील झाले, हार घातले गेले. पांढऱ्या साडीतली नवरी मग सरळ टँकरमागे गेली. तिने मला डोळ्यांनी बोलावले होते, म्हणून मी मागोमाग गेले, बरोबर तिची बहीणही.

"बाबा, आता. बाहेरच्या मॅडमच हायेत फक्त."

त्यांनी मान हलवली.

"मले न्याले काई पायजे न."

"जुना हाय न." शब्द जड, एकात एक मिसळलेले येत होते. "आलमारीत."

"जुना नोको."

"हे थोबाड कावून भिंतीवर लावतं माय? तुह्या सासरची लेकरं भेतीन."

तिने हात पुढे केला, तो त्यांच्या गाठीपर्यंत गेला. त्यांनी तो अडवला नाही. नुसते डोळे मिटून घेतले, इंजेक्शन घेणारा माणूस मिटतो तसे. मी कॅमेरा डोळ्याला लावलेला होता. तिचा हात गाठीवर थांबला आणि परत आला.

जवळ उभ्या असलेल्या बहिणीकडून तिने ओढणी मागून घेतली. बडनेऱ्याला रेल्वेच्या नोकरीवर स्कुटीने जाताना ती रोज बांधते तशीच, केसांतल्या गजऱ्यावरून, डोळे तेवढे उघडे ठेवून ती बांधली आणि वडिलांना खेटून उभी राहिली.

"काढा, मॅडम."

मी फोटो काढला.

"हे कोनतं फोटो काढनं होय?" नवरदेवाचे काका मांडवातून ओरडले. या वेळी कोणी हसले नाही.

वडिलांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो बराच वेळ पाहिला. "हा चालते," म्हणाले आणि हात धुवायला निघालेल्या पाहुण्यांना बादली दाखवायला गेले. ते जाईपर्यंत तिने ओढणी सोडली नाही. सोडली तेव्हा काजळ गालांवर उतरलेले होते. पंगत बसली, नवरीला पाठवा, अशा हाका येऊ लागल्या. तिने ओढणीच्या टोकाने चेहरा पुसला.

"मॅडम, आता बाबाकडं कॅमेरा नोका करू."

मी मान हलवली. त्यानंतरचे माझे सगळे फोटो मांडवाच्या दुसऱ्या बाजूचे आहेत.