शेजारी पाठवलेले पॅनकेक

मंडळी, आज घरी पॅनकेक केले. रीलमध्ये दिसतात ना, उशीसारखे फुगलेले, तसले.

पहिला पार चपटा झाला. होणारच! घोडपदेवच्या चाळीत आईच्या हाताखाली घावणे शिकलेली मी. पीठ दिसलं की शेवटची गुठळी मोडेपर्यंत घोटायचं आणि तव्यावर काहीही उलटलं की उलथन्याने दाबायचं, हीच सवय.

दुसऱ्या वेळी पीठ गुठळ्यांसकट तसंच सोडलं, गॅस बारीक केला, वर झाकण ठेवलं. काय टम्म फुगले म्हणून सांगू!

आणि हात आपोआप ताटली काढायला गेला. चाळीत नवीन काही केलं की आधी शेजारी जायचं, आणि ताटली कधी रिकामी परत यायची नाही. इथे परळच्या टॉवरमध्ये येऊन वर्ष झालं, पण शेजारची बेल मी कधी वाजवली नव्हती. आज वाजवली.

दारावरच्या कॅमेऱ्यातून एका बाईंचा आवाज आला, "डिलिव्हरी? बाहेर ठेवून जा."

"अहो, मी बाजूच्या फ्लॅटमधली..." म्हणेपर्यंत आवाज बंद.

ताटली त्यांच्या चपलांच्या रॅकवर ठेवली आणि परत आले. उरलेले पॅनकेक ओट्यापाशीच उभ्याने खाल्ले. मधाची बाटली उघडलीच नाही.

तुम्ही पुन्हा बेल वाजवली असतीत का? मला नाही जमलं. पण दुपारपासून कान दाराकडेच आहेत. ताटली रिकामी आली तरी चालेल हो. निदान माझी बेल तर वाजेल.