आजारी हिरव्या गाडीचा विमा

आमची ताई एका जागी बसली आहे, असं दृश्य अजून कोणी पाहिलेलं नाही. ती जेवते उभ्याने, केस विंचरते चालताना, आणि दात घासताना घरभर अशी हिंडते की जमिनीवर पडलेल्या फेसावरून तिचा माग काढता येतो. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. बाबा शिंपी आहेत. ते म्हणतात, हिचं माप घ्यायचं तर आधी हिला खुर्चीला टाके घालावे लागतील. ड्रायव्हिंगच्या पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, कारण परीक्षक साहेबांचा एक पाय गाडीत आणि एक रस्त्यावर असतानाच हिने क्लच सोडला. पुढच्या वेळी साहेब आधी आत बसले, पट्टा लावला, दार ओढून पाहिलं, परत ओढून पाहिलं आणि मगच किल्ली तिच्या हातात दिली. तेव्हा कुठे पास झाली.

तिला थांबवणारी वस्तू जगात एकच, ती म्हणजे रक्त काढायची सुई. सुई हातात आली की तिचा हात असा स्थिर होतो की पेशंट विचारतो, "कधी टोचणार?" आणि ही त्याच्या दंडावर कापूस दाबत असते. त्यामुळे लॅबचा कोर्स संपता संपता तिला एका लॅबमध्ये काम चालून आलं. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि लॅबमध्ये आणून द्यायचे. अट एवढीच की गाडी आपली हवी आणि तिच्या विम्यात ताईचं नाव हवं. सोमवारी सकाळी पॉलिसी दाखवायची, नाही तर काम दुसऱ्या मुलीला. "ती गाडीसकट तयार आहे हो," लॅबच्या मॅडम म्हणाल्या. मॅडम दर वाक्याला 'हो' लावतात, पण अशा सुरात की ऐकणाऱ्याला 'नाही'च ऐकू येतं.

गाडी होती. मामाच्या गुडघ्यांनी संप केला तेव्हा त्याने आपली जुनी, छोटी गाडी ताईला देऊन टाकली. तिच्या रंगाला मामा 'समुद्री' म्हणतो आणि आई 'आजारी'. मागचं एक दार आतून उघडत नाही आणि हॉर्न दाबला की वायपर हलतात.

राहिला विमा.

"ते मी बघतो," बाबा म्हणाले. "तू घाईघाईत भलतंच काहीतरी लिहून ठेवशील."

हे घरात सगळ्यांना पटलं, ताईलाही. बाबांनी चष्मा नाकाच्या टोकावर आणला आणि ते कॉम्प्युटरसमोर असे बसले, जणू समोर भारीतलं कापड आहे आणि कात्री एकदाच चालवायची आहे. मागे ताईच्या येरझारा.

"झालं का?"

"होतंय."

"आता?"

"अगं, ते अजून गोल गोल फिरतंय."

"मग फिरू दे ना, बघत काय बसलात?"

"तू फिरतेस ते बघवत नाही, म्हणून हे बघतोय."

शेवटी आकडा आला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आकडा तोच होता. तेवढ्या पैशांत मामाची गाडी घेऊन, रंगवून, मागचं दार दुरुस्त करूनही काही उरलं असतं. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" आणि झाकण आपटून आत गेली.

दुसऱ्या कंपनीचा आकडा पहिलीपेक्षा मोठा, तिसरीचा दुसरीपेक्षा. मग ताईने फोन हातात घेतला. आधी ती मशीनमधली बाई. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." इतकं गोड बोलते की वाटतं, आता ही आपल्याला मुलगा सुचवणार. मग तेच ते संगीत, संपत आलं की पहिल्यापासून. तेवढ्या वेळात ताईने गॅलरीतली सगळी झाडं पाण्यात बुडवली. मग सर्दी झालेला एक दादा आला.

"मॅम, वय कमी, लायसन्स नवं. म्हणजे जोखीम जास्त, मॅम."

"अहो, पण मी अजून कोणाला धडकलेसुद्धा नाही!"

"तेच ना, मॅम. तुमचं रेकॉर्डच नाही."

"मग आधी धडकून येऊ का?"

पलीकडे बराच वेळ फक्त नाक ओढल्याचा आवाज. मग, "तसा ऑप्शन नाही, मॅम."

हा दादा मला इतका आवडला की घरात मी सगळ्यांना त्याच्याच नाकातून उत्तरं द्यायला लागले. "कपडे वाळत घाल गं." "तसा ऑप्शन नाही, मॅम." आईने हातातली ओली चादर फेकून मारली. ताई मात्र हसली नाही. एरवी माझ्या नकलांवर सगळ्यात मोठ्याने तीच हसते. तेव्हा मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

शनिवारी सकाळी मामा एका एजंटला घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत बॅग, हातात टिकटिक करणारं पेन. त्याचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे बघा'ने सुरू होतं. त्याआधी काय झालं, ते आपण समजून घ्यायचं.

"म्हणजे बघा," टिक, "गाडी रोज चालवणार वडील, असं दाखवू." टिक. "मुलगी आपली कधीमधी. नाव पॉलिसीत येतं, हप्ता निम्म्याच्याही खाली."

"सगळे असंच करतात," मामा म्हणाला.

बाबांकडे लायसन्स आहे हे खरं. पण त्यांनी शेवटची गाडी चालवली तेव्हा ताई पाळण्यात होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. आकडा खरंच लहान होता. आईने तर चहाचं आधण वाढवलंसुद्धा. ताई खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होती.

"आणि ठोकली तर?"

"म्हणजे बघा, ठोकायची नाही."

"आणि मला कोणी येऊन ठोकलं तर?"

पेन थांबलं.

"कंपनी विचारेलच ना, रोज कोण चालवतं म्हणून? मागच्या सीटवर बर्फाच्या पेटीत दहा-बारा जणांचं रक्त. काय सांगू? बाबा शिंपी आहेत, पण हौस म्हणून रक्तही काढतात?"

मामाला हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात ढकललं. एजंट उठला. "म्हणजे बघा, मर्जी तुमची," आणि चहा न घेताच गेला. मामा मात्र चहा घेऊन रागावला. "आयती गाडी दिली तर आता तत्त्वंही मीच पुरवायची का? सोमवारी काय दाखवशील? लायसन्सवरचा फोटो?"

ताईने बाबांची खुर्ची ओढली, तिच्यावर एक गुडघा टेकला (हे तिचं बसणं) आणि म्हणाली, "मी परत भरते. बाबा, तुम्ही फक्त सांगा, काय काय लिहिलं होतं. वर्षाचे किलोमीटर?"

"मॅडमनी सांगितले होते तेवढेच," बाबा म्हणाले. "थोडी माया सोडली."

"काय सोडलं?"

"माया गं. शिवणीत आतल्या बाजूला जास्तीचं कापड ठेवतो ना, तशी. कापड कमी पडलं तर जोडता येत नाही. जास्त असेल तर आत दुमडता येतं."

"किती सोडलीत?"

बाबांनी शर्टाचं बटण चाचपलं. "दुप्पट."

"बाबा! आणि गाडीची किंमत?"

"ती जरा वरची लिहिली. मामाला वाईट वाटायला नको."

मामाने कप खाली ठेवला. "मला कोण दाखवणार होतं?"

"आणि चालवणारे?" ताईचा आवाज आता शिट्टीच्या उंचीवर गेला होता. "मी एकटीच ना?"

"तू, मी, आणि तुझा आत्तेभाऊ. अडल्यानडल्याला घरात कोणीतरी असावं."

इथे आत्तेभावाची ओळख करून द्यायला हवी. त्याला लायसन्स मिळून वर्षही झालेलं नाही आणि तेवढ्यात त्याने आमच्या कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब असा वाकवलाय की तो दिवा आता रस्त्यावर नाही, शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उजेड पाडतो. अपघाताच्या रकान्यात बाबांनी हे सगळं खरं खरं, सविस्तर लिहिलं होतं.

ताई ताडकन उभी राहिली. खोलीला एक फेरी घातली. मग हसायला लागली आणि हसता हसताच डोळे पुसायला लागली, तेही चालता चालता. बाबांचा चेहरा एवढासा झाला. "आयुष्यात एक गिऱ्हाईक आखूड म्हणून परत आलं नाही माझ्याकडे," ते पुटपुटले.

"माहितीय हो बाबा. जरा सरका."

तिने जसंच्या तसं भरलं. आकडा पहाडावरून टेकडीवर आला. पण टेकडीसुद्धा चढण्यासारखी नव्हती. तिने पुन्हा फोन लावला आणि या खेपेला अशी बाई भेटली की तिचे दोन शब्द ऐकू येण्याच्या मध्ये माणसाने अंघोळ करून यावं.

"ए-क... पर्याय... आहे."

"सांगा ना!"

"सांगते... आहे."

पर्याय म्हणजे डबा. काडेपेटीएवढा, स्टिअरिंगखाली चिकटवायचा. ब्रेक किती जोरात मारता, वेग किती, वळणं कशी घेता, हे सगळं तो बघणार आणि रोज गुण देणार. गुण चांगले असले तर हप्ता खरंच परवडेल असा. महिनाभर खराब पडले, तर पॉलिसी रद्द.

"म्हणजे गाडीत सासू बसवायची," आई म्हणाली.

ताईने क्षणभर डोळे मिटले. जगातली सगळ्यात धांदरट मुलगी आणि तिला विमा कुठला परवडतोय, तर शांत माणसांसाठी काढलेला. "चालेल," ती म्हणाली. पलीकडची बाई म्हणाली, "छा...न."

रविवारी कंपनीचा माणूस येऊन डबा चिकटवून गेला आणि आम्ही सगळे सराव फेरीला निघालो. काही चुकलं की डबा म्हणतो, "टुक्." पहिल्या वळणावर टुक्. मांजर आडवं गेलं, टुक्. मामा पुढच्या सीटवरून नसलेला ब्रेक दाबत होता. "हळू! अगं हळू! एवढं हळू नको, मागचा शिव्या देतोय!" बाबा म्हणाले, "पुढच्या गाडीपासून जरा माया सोड," आणि हे मात्र बरोबर होतं. मी मागून डब्याच्या आवाजात म्हटलं, "टुक्." ताईने दचकून ब्रेक मारला आणि डबा खराखुरा म्हणाला, "टुक्."

"उतर," ताई म्हणाली.

मागचं दार आतून उघडत नाही म्हणून तीच उतरली, बाहेरून दार उघडलं आणि मला काढलं. मी चालत घरी आले. त्या दिवसाचे गुण लाल रंगात आले. खाली लिहिलं होतं, 'सुधारणेस भरपूर वाव.'

सोमवारचं जे आहे ते ताईने सांगितलेलं. आवाज तेवढे माझे. मॅडमनी पॉलिसी उलटसुलट पाहिली. "बरं आहे हो," म्हणाल्या, आणि हातात पत्त्यांचा कागद दिला. रक्त तपासायचं मशीन सुरू व्हायच्या आत नमुने परत हवेत, हेही सांगितलं. शेवटचं घर पार गावाच्या टोकाला. तिथून निघाली तेव्हा उशीर होत आला होता आणि समोर लांबच लांब रिकामा रस्ता. ताई म्हणते, तिचा उजवा पाय तिच्याशी भांडत होता. अर्धं बोटभर दाबलं असतं तर वेळेत पोचली असती. वेगाचा काटा मर्यादेला टेकला आणि तिने तो तिथेच धरला. मागचा टेम्पोवाला बाजूला येऊन ओरडला, "ओ ताई, गाडी चालवताय की मिरवताय?" तिने हॉर्न दाबला. वायपर हलले. टेम्पोवाला हसत पुढे निघून गेला.

ती लॅबमध्ये पोचली तेव्हा मशीन सुरू झालं होतं.

"पहिल्याच दिवशी उशीर हो?"

"उद्या नाही होणार," ताई म्हणाली. "वेगात चालवू शकत नाही. लवकर निघू शकते."

"पेशंट उठायला हवेत हो."

"ते माझ्यावर सोडा."

मॅडमनी नमुन्यांची पेटी उचलून आत नेली. दुसऱ्या मुलीला मात्र फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी रस्ते रिकामे, डबा गप्प आणि ताई पहिल्याच घरासमोर ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी हजर. बेल वाजवली. पुन्हा वाजवली. शेवटी तळमजल्याची खिडकी उघडली आणि एका म्हाताऱ्या काकांनी मफलरमधून विचारलं, "बाई, माणसाने झोपायचं की नाही?"

"झोपा की काका," ताई म्हणाली. सुई तिने काढलीच होती. "हात तेवढा खिडकीतून बाहेर द्या."