काकूंना भूतकाळ हवा होता

“चुकले तर तिथल्या तिथे सांगा हं, मागून नको.” पोर्तुगीजच्या वर्गात काकू प्रत्येक वाक्याआधी हे बजावायच्या. चुकण्याची इतकी धास्ती असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकू सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. मला वाटायचं, नोकरीतली शिस्त. मला हिंजवडीची कंपनी लिस्बनला पाठवणार होती म्हणून मी शिकत होते. त्या कशासाठी, ते सांगत नसत.

एका रविवारी त्या मला मंडईत घेऊन गेल्या. कोबीला ‘कोव’, बटाट्याला ‘बताता’, अननसाला ‘अननाश’ म्हणत गाळ्यांसमोरून फिरल्या. पेरूंपाशी थबकल्या. “‘पेरा’ म्हणजे तिकडे नासपती. नाव इकडे आलं, फळ तिकडेच राहिलं बघ.”

“अहो ताई, घ्यायचंय काही, का नुसती हजेरी?” फळवाल्या बाईंनी विचारलं. काकूंनी निमूट अर्धा किलो पेरू घेतले.

बाहेर कट्ट्यावर पेरू खाता खाता त्या म्हणाल्या, “माझी सून तिकडची आहे.”

मुलाने न विचारता लग्न केलं, त्याचा राग होता. काही वर्षांपूर्वी, काकू नोकरीत असतानाच, तो तिला घेऊन घरी आला. दारातच तिने हात जोडले. “मला ड्यूटी आहे,” म्हणत काकू पर्स उचलून चालत्या झाल्या. ड्यूटी नव्हतीच. अंधार पडेपर्यंत बागेत बसून राहिल्या. परतल्या तेव्हा ती दोघं हॉटेलवर निघून गेली होती.

“माझं ते खोटं मुलाला तिच्या भाषेत सांगावं लागलं गं. आता माफी मागताना तरी मधे तो नको.” उरलेला पेरू त्यांनी तसाच पिशवीत टाकला.

पुढच्या तासाला त्यांनी सरांना ‘मी चुकले’ कसं म्हणायचं ते विचारलं.

“भूतकाळ पुढच्या लेव्हलला, मॅडम.”

“अहो सर, मला भूतकाळच हवाय.”

वर्ग हसला. काकू हसल्या नाहीत. सरांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘एर्रेय’. चुकलो काय, चुकले काय, दोन्हीला तोच. “बरंय,” काकू म्हणाल्या, “चुकायला बाई-पुरुष कशाला?”

वर्ग सुटल्यावर त्यांनी जिन्यातूनच फोन लावला. मला हात धरून थांबवून घेतलं. पडद्यावर सून दिसली. काकूंनी तो शब्द म्हटला, मग ‘दश्कुल्पा’, माफ कर. सून काहीतरी भराभर बोलली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं नव्हतं.

“सावकाश बोल, कृपा करून,” काकू पोर्तुगीजमध्ये म्हणाल्या.

सुनेने एकेक शब्द सुटा केला. एवढंच हाती लागलं: ‘श्तोऊ त्रिश्त.’ मी दुःखी आहे.

फोन ठेवल्यावर मी घाईने समजावलं, “काकू, ती ‘सोऊ’ नाही म्हणाली, ते कायमचं असतं. ‘श्तोऊ’ म्हणजे तात्पुरतं.”

“तात्पुरतं होतं, तरी इतकी वर्षं टिकलं ना?” त्या म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरल्या.

दर रविवारी फोन होत राहिला. शेवटी सुनेनेच तिकडे बोलावलं. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी होती, तरी काकूंनी बॅग पुन्हा उघडली. सुनेसाठी घेतलेली पैठणी काढून माझ्या हातात दिली.

“ही नको. लाच दिल्यासारखी वाटेल.”

“अहो पण काकू, पहिल्यांदा भेटताय...”

“म्हणूनच.”

टॅक्सी हलली. मागच्या काचेतून दिसलं, काकूंचे ओठ हलत होते. दोन्ही हात मांडीवर, रिकामे.