गुरुवारच्या रेकॉर्डी आणि ईराचं मौन

तीन भाषांच्या गोंधळात माझी मुलगी बोलायचीच राहून गेली तर? महिनाभर ह्या काळजीने माझी झोप उडाली आहे. ईरा साडेतीन वर्षांची. ‘आई’, ‘दूध’ आणि ‘नको’, एवढ्यावर तिचं सगळं भागतं. घरी मराठी, नर्सरीत इंग्रजी, आणि दर गुरुवारी दुपारी आजोबांकडे जुनी अमेरिकन गाणी!

आजोबा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना बाबा म्हणते. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये हाडांचे डॉक्टर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर खाली आणला आणि गाणी ऐकायला मित्रांचं मंडळ जमवलं. गुरुवारी माझी सुट्टी, म्हणून चहाला मी. (असं कोणी म्हटलेलं नाही, पण चहा मीच करते.) तिथले किस्से नवऱ्याला सांगते, तर तो म्हणतो, "लिहून ठेव." एक लिहून होईपर्यंत पुढचा गुरुवार उजाडतो!

*

मंडळाचा नियम असा, की रेकॉर्ड वाजताना बोलायचं नाही. संपल्यावर मत द्यायचं. मला वाटलं, गाण्याबद्दल असेल.

पहिल्याच गुरुवारी एका मखमली आवाजाच्या गायकाचं प्रेमगीत संपलं. दिघेकाका छातीचे डॉक्टर. डोळे मिटूनच म्हणाले, "सिगारेट. भरपूर."

"अरे, सूर कसा वाटला?" बाबांनी विचारलं.

"सूर उत्तम. एक्स-रे काढायला हवा."

"दिघे, तो कधीच वारला!"

"बघ! म्हटलं नव्हतं?"

*

बापटकाकू भूल द्यायच्या. ऑपरेशन थिएटरमध्ये त्या हीच गाणी लावत. "पेशंट पहिल्या कडव्यातच आडवा!" त्या मला सांगत होत्या.

"गाण्याने?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"नाही गं, औषधाने! पण इतकी वर्षं ऐकून ऐकून आता..."

तेवढ्यात गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला काकूंची मान कलली. दिघेकाकांनी गाणं संपेपर्यंत त्यांची नाडी धरून ठेवली आणि मग मत दिलं, "गाण्यापेक्षा स्लो आहे."

*

मंडळात इथली जन्मलेली एकच, शेजारच्या मार्गरेटबाई. एकदा किचनमध्ये येऊन हळूच म्हणाल्या, "विचारू का, डिअर? हे तुमच्यात धार्मिक असतं का?"

"काय?"

"हेच. दर गुरुवारी, चपला दाराशी काढून, डोळे मिटून, अगदी गप्प. आणि शेवटी तो वाटीतला गोड पदार्थ. मी आदराने सगळा संपवते हं!"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हॉलमध्ये पाहिलं. चौघांच्या चपला दाराशी. दोघांचे डोळे मिटलेले. माझ्या हातात शिरा.

"तसं... थोडंफार," मी म्हटलं. मलाच खात्री वाटेना!

*

स्पीच थेरपिस्टने सांगितलं होतं, "तिच्या कानावर पडतं ते तिला गाऊन दाखवा." मी जिद्दीने बसले. हे गायक माइकला ओठ लावून, कानात कुजबुजल्यासारखं गातात. मीही ईराच्या कानाशी तोंड नेऊन, आवाज खाली उतरवून सुरू केलं.

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "नको."

थेरपिस्टच्या फॉर्मवर ‘संगीताला प्रतिसाद’ ह्यापुढे मी ‘आहे’ असं लिहिलं. त्याखालचा प्रश्न होता, ‘मूल पूर्ण वाक्य बोलतं का? समोरचं बोलणं त्याला कळतं का?’ ते मी कोरं सोडलं. तपासणी सोमवारवर आलेली.

*

आणि परवाचा गुरुवार. बाबांनी नवी मिळवलेली रेकॉर्ड लावली. अगदी संथ गाणं. बाई बॅग भरून स्टेशनवर उभी, आणि हा तिला विनवतोय. जाऊ नकोस, ट्रेन चुकू दे, सकाळपर्यंत तरी थांब, मी कसा जगू... पहिल्या कडव्यात तेच, दुसऱ्यात तेच, शेवटी व्हायोलिनं आणून पुन्हा तेच!

दिघेकाका चष्मा पुसायला लागले. बापटकाकू चक्क जाग्या. मार्गरेटबाईंचं नाक लाल. ईरा स्पीकरसमोर कमरेवर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून उभी.

गाणं संपलं. बाबांनी सुई उचलली. मत कोणी देईना. निदानसुद्धा नाही! मी चहाला उठणार, एवढ्यात ईरा वळली. एकेकाच्या रडवेल्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि खणखणीत मराठीत म्हणाली,

"जाऊ दे ना तिला!"